आठ दिवसांची हिंदी

आमचे शेजारी अण्णा नागवेकर झाडांशी हिंदीत बोलतात.

सगळ्याच झाडांशी नव्हे. दारातले माड, विहिरीजवळची जास्वंद, दगडी गडग्याला टेकलेला शेवगा यांच्याशी ते मराठीतच बोलतात, आणि ते मराठी सुरू झालं की आमच्या घरात खिडकी लावून घेतात. हिंदी राखून ठेवलेली असते ती कुरियरने आलेल्या झाडांसाठी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गडग्याच्या अलीकडे माझ्या कलमांना आळी करत होतो. पलीकडून अण्णांचा आवाज आला, "आइये, आइये! कैसा हुआ सफर? रस्ते में तकलीफ तो नहीं हुआ? पानी लेंगे?" उत्तरेकडचे कोणी पाहुणे आलेले दिसतात, बनियनवर जाणं बरं नव्हे, म्हणून मी घरात जाऊन सदरा चढवला आणि ओळख करून घ्यायला गेलो. पडवीत आरामखुर्चीवर एक लांबोडकं खोकं होतं. त्यातून नारळाचं एक रोप डोकं बाहेर काढून पडलेलं होतं. खोकं लहान आणि रोप मोठं, त्यामुळे प्रवासात ते छत्रीच्या मुठीसारखं वाकलं होतं. त्याच्यावर टेबलफॅन एक नंबरवर सोडलेला होता आणि अण्णा समोर पाटावर बसले होते.

"अण्णा, पाहुणे कुठं गेले?"

"हे काय, समोर बसलेत. हळू बोला जरा, मास्तर. केरळातनं आलाय. सहा दिवस अंधारात होता बिचारा."

"पण हिंदीत का बोलताय?"

"तिकडे जन्मलेल्याला मराठी कुठनं कळणार?"

"मग केरळातल्याला हिंदी तरी कुठं कळते?"

अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बोटीवर सगळ्यांना चालते," ते म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही राहतो रत्नागिरीजवळ भाट्याला. नारळ संशोधन केंद्र आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नारळाचं रोप हवं म्हणून माणसं लांबलांबच्या गावांहून गाड्या करून आमच्या गावात येतात. आणि आमच्या अण्णांनी नारळ मागवला मोबाईलवरून, केरळातून! मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "जवळनं आणण्यात काय मोठं? तिथं शिकायला काय मिळणार?" काय शिकायचं होतं ते मी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मला पुढे पश्चात्ताप झाला.

अण्णा बोटीवर होते. बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून शेवटी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे कुरियरने येणारं झाड हा त्यांच्या लेखी 'जिवंत माल' आहे आणि जिवंत मालाचे कायदे असतात. पहिला कायदा, माल आला की आधी प्रवासाची चौकशी. दुसरा कायदा, आठ दिवस पडवीत सावलीला ठेवायचं, कोणी हात लावायचा नाही, कोणी मुळं उकरून बघायची नाहीत आणि आठ दिवस त्याच्याशी हिंदीतच, आणि 'आप' म्हणूनच बोलायचं. नवव्या दिवशी सकाळी झाड जमिनीत जातं, अण्णा कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभे राहतात आणि त्याला पहिली मराठी शिवी देतात. "हां, आता खा नि वाढ, मेल्या आळशा! फुकटचं नाय पोसणार!" ही शिवी पडली की समजायचं, झाड घरातलं झालं.

या सगळ्याची नोंद एका जाड वहीत होते. जहाजावर लॉगबुक असतं तसं. "वारा नैऋत्य. गुलाब पोचला. डावीकडे कललेला. पाने सात, पैकी दोन नावापुरती. मनोधैर्य बरे." ही त्यांची भाषा. अॅपवर अभिप्राय द्यायचा असतो तिथेही ते हेच लिहितात. एका नर्सरीने त्यांना उलट विचारलं होतं की, सर, मनोधैर्य म्हणजे नेमकं काय हवं आहे?

तो गुलाब निळा येणार होता. मोबाईलवरच्या फोटोत शाईची दौत सांडल्यासारखा निळाशार होता. चार महिन्यांनी फूल आलं ते साधं गावठी गुलाबी. अण्णांनी कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "सर, फोटो फक्त संदर्भासाठी असतो." अण्णा रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. पण त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते कायमचं ठेवून घेतलं. लग्नपत्रिकेवरचा देव, निवडणुकीचा बॅनर, हॉटेलातल्या भिंतीवरची सुरमई, सगळ्याला एकच शेरा. त्यांच्या बैठकीत त्यांचा तरुणपणचा एक फोटो आहे, पांढऱ्या गणवेशातला, दाट केसांचा. कोणी त्याच्याकडे बघून त्यांच्याकडे बघितलं की आतून वहिनी म्हणतात, "फोटो फक्त संदर्भासाठी हो!"

वहिनी म्हणजे अण्णांची बायको. संगमेश्वराकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांना मातीतलं सगळं कळतं आणि अण्णांना काहीच कळत नाही हे दोघांनाही माहीत आहे. पण अण्णांची बत्तीस वर्षं पाण्यावर गेली, आता त्यांना जमिनीवर काय खेळायचं ते खेळू दे, असं वहिनींचं धोरण. अण्णांनी 'उष्ण हवामानातही हमखास फळणारं' सफरचंद मागवलं, नवव्या दिवशी वाजतगाजत लावलं, वैशाखात त्याची पानं गळून काठी उरली. वहिनींनी तोंडातून शब्द काढला नाही. पावसाळ्यात त्या काठीवर वालीची वेल सोडली. त्या वर्षी हिमाचलच्या सफरचंदावरच्या वालाच्या शेंगांची भाजी आम्हीही खाल्ली. चांगली झाली होती.

वहिनींचा खरा छळ व्हायचा तो व्हिडिओच्या वेळी. झाड मेलेलं निघालं आणि बदलून हवं असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ पाठवावा लागतो, अशी अट असते. अण्णा खोकं उघडणार, बोलणार, आणि वहिनी मोबाईल धरणार. वहिनींच्या व्हिडिओत अण्णांचं नाक यायचं, पंखा यायचा, एकदा पूर्ण तीन मिनिटं वहिनींची स्वतःची चप्पल आली होती. झाड कधी आलं नाही. शेवटी ते काम माझ्यावर आलं. सदतीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी, निवृत्तीनंतर खोकी उघडण्याचं चित्रीकरण करत होतो. पण अण्णांनी दावा कधी लावलाच नाही. खोक्यातून काळी पडलेली काडी निघाली तरी ते ती वर उचलायचे, कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "दमलंय. मेलेलं नाय."

हे त्यांचं दुसरं वाक्य. यावर वाद घालायची सोय नसते. "अहो अण्णा, मुळं कुजलीत." दमलंय वो, मेलेलं नाय. "अहो, वास येतोय." प्रवासाचा वास हाय तो. आणि खरं सांगायचं तर दहातलं एखादं झाड अण्णांचा शब्द राखायचं. महिनाभराने त्या काडीला कुठेतरी हिरवा ठिपका दिसायचा आणि अण्णा आमच्याकडे असे बघायचे की आपणच विज्ञानाचे मास्तर.

कुरियरचं गोदाम मिरजोळ्याला. भाट्यापर्यंत खोकं यायला तिथून आणखी दोन दिवस जायचे, म्हणून मोबाईलवर 'रत्नागिरीत पोहोचले' अशी अक्षरं उमटली की अण्णा स्कूटर काढून पूल ओलांडून थेट मिरजोळ्याला. तिथे उभं राहून त्यांनी गोदामातल्या लोकांना जहाजावर माल कसा रचतात ते शिकवलं. जिवंत माल वर, सावलीला, आणि उतरताना पहिला. त्या लोकांनी त्यांचं नाव झाडवाले अण्णा ठेवलं आणि एक कोपरा त्यांच्यासाठी मोकळा ठेवायला लागले.

असं सगळं सुरळीत चाललं असताना अण्णांनी लिंबू मागवलं.

बंगालात गंधराज नावाचं एक लिंबू असतं. फळापेक्षा पानाला वास जास्त. वरणभातावर पिळलं तर पंगतीच्या दुसऱ्या टोकाला कळावं, असा. या लिंबाबाबत मात्र अण्णांच्या वागण्यात थट्टेला जागा नव्हती. पहिलं खोकं आलं त्यात नुसती माती निघाली. दुसऱ्यात रोप होतं, पण मधूनच मोडलेलं. दोन्ही वेळा अण्णा जेवले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी नर्सरीवाल्याशी स्वतः बोलून चांगलं कलम मागवलं आणि इथे त्यांच्या हातून चूक झाली. मागवलं ते नेमकं शिमग्यात.

शिमग्यात आमच्याकडे कुरियर मागवणं म्हणजे भरतीच्या वेळी पुळणीवर अंथरूण घालणं. गोदामातले निम्मे लोक पालखी नाचवायला आपापल्या गावी, उरलेले पालखी बघायला. अण्णा स्कूटरवरून चार दिवस रोज मिरजोळ्याला गेले आणि कुलूप बघून परत आले. पाचव्या दिवशी दार उघडलं. फाल्गुनातलं ऊन, वर पत्र्याचं छप्पर. खोकं उघडलं तेव्हा मी चित्रीकरण करत होतो. कलमाच्या वरच्या भागाला दोनच पानं होती, ती अण्णांचा हात लागताच गळून पडली.

अण्णांनी ती दोन पानं उचलून खिशात ठेवली. मग काडीला म्हणाले, "माफ करना. इधर त्योहार था."

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. काडी तशीच. अण्णा रोज तिच्याशी हिंदीत बोलत राहिले. "याचे आठ दिवस अजून सुरू झालेले नायत," म्हणाले. आणि चैत्र संपता संपता एक दिवस गडग्यापलीकडून जहाजाच्या भोंग्यासारखी आरोळी आली. "मास्तर! फुटलं!"

मी धावत गेलो. खरंच फुटलं होतं. हिरवागार, रसरशीत, काटेरी फुटवा. अण्णांचे डोळे भरले होते, वहिनी हातावर खोबऱ्याची वडी ठेवत होत्या. आणि मी खाली वाकलो, बघितलं आणि वडी हातातच राहिली.

फुटवा जोडाच्या खालून आला होता.

आता हे आमच्या रत्नागिरीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे रिक्षावाल्यालाही कळतं. कलम म्हणजे खाली रानटी झाडाचा खुंट, वर हव्या त्या झाडाची डोळकाडी, आणि मध्ये जोड. जोडाच्या वर फुटलं तर हापूस, खाली फुटलं तर रायवळ. खालचा फुटवा दिसला की आम्ही नखाने खुडून टाकतो, नाहीतर तो वरच्याचं सगळं पाणी पिऊन बसतो. आंब्याला जे लागू ते लिंबाला. अण्णांच्या कुंडीत गंधराज सुकून बोटभर खुंटी उरली होती आणि खालचं रानटी ईडलिंबू बाळसं धरत होतं. पण अण्णा अठराव्या वर्षी बोटीवर चढले ते पन्नाशीला उतरले. कलमांच्या गावात जन्मून हे एवढं त्यांचं शिकायचं राहून गेलं होतं.

त्या आठवड्यात सगळी वाडी लिंबू बघायला येऊन गेली. प्रत्येक जण वाकायचा, जोड बघायचा, माझ्याकडे बघायचा, वडी खायचा आणि "छान हो अण्णा" म्हणून निघून जायचा. वहिनींनाही कळलं असणारच. त्या कुंडीकडे न बघता पाणी घालायच्या. पावसाळा लागेपर्यंत फुटवा माझ्या कमरेएवढा झाला.

शेवटी एक दिवस मी मनाचा हिय्या केला. मास्तर आहोत, चूक दाखवणं आपला धर्मच आहे, असं घोकत गेलो. अण्णा पडवीत वही घेऊन बसले होते.

"मास्तर, बरं झालं आलात. मिलिंद येतोय. मौशुमीला घेऊन. जुलैअखेर, आठ दिवस."

मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा. बंगळुरूला नोकरीला. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथेच मौशुमी नावाच्या बंगाली मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आधी विचारलं नाही म्हणून वहिनी रुसल्या, आणि वहिनी रुसल्या म्हणून अण्णाही रुसले. दोघंही लग्नाला गेली नाहीत. तेव्हापासून फोन व्हायचे ते पावसापाण्याचे.

"तिला पहिल्यांदा फोनवर बघितली ना," अण्णा म्हणाले, "तेव्हा काय बोलायचं तेच सुचेना. म्हणून विचारलं, तुमच्या घरी झाडं कुठली? तर म्हणाली, तळ्याकाठी बाबांनी लावलेलं गंधराज होतं. बाबा गेले, घर विकलं, घेणाऱ्यानं झाड तोडलं. सांगताना रडली हो पोर. मी म्हटलं, इथं लावू. पण एकदम लिंबूच मागवायचं धाडस होईना. माझा हात कसला, वल्हं धरणारा. म्हणून आधी नारळ मागवला, गुलाब मागवला, ते सफरचंद. सराव नको? आणि हिंदीचाही सराव. बोटीवरची हिंदी माझी, चार शब्दांत तीन शिव्या. सुनेशी ती बोलायची होय?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पण अण्णा, ते आठ दिवस कशाला?"

अण्णांनी वही मिटली.

"मी नऊ-नऊ महिन्यांनी घरी यायचो. मिलिंद ओळखायचा नाय. आठ दिवस आवशीच्या पदरामागनं बघायचा. ही म्हणायची, जबरदस्ती करू नका, येईल. नि नवव्या दिवशी बरोबर येऊन मांडीवर बसायचा, मिशी ओढायचा. तो बसला की वाटायचं, आता आलो मी घरी. एकदा आठव्या दिवशीच बोलावणं आलं. कोण तरी आजारी पडला होता, तातडीनं बोटीवर चढा. गेलो. नववा दिवस झालाच नाय त्या वर्षी." मग वहीवर हात ठेवून म्हणाले, "आता हिचीही सुट्टी आठच दिवसांची, मास्तर. म्हणून म्हटलं, निदान लिंबू तरी आधी रुजलेलं असू दे."

मी "छान वाढलंय हो लिंबू" म्हणून परत आलो. वाडीतल्या भित्र्यांच्या यादीत माझं नाव पहिलं.

मौशुमी आली ती धो धो पावसात. वहिनींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला ऐकू येईल असं पुटपुटल्या, "फोनवर दिसते त्याहून गोड आहे हो." अण्णा पुढे झाले, हात जोडले आणि दोन वर्षं घोटलेली हिंदी काढली. "आइये. सफर कैसा हुआ? तकलीफ तो नहीं हुआ?" ती हसली. मिलिंदने बापाकडे असं बघितलं की जणू हा मनुष्य त्याने कधी पाहिलाच नव्हता. अण्णांनी सगळ्यांना ताकीद दिलेली होती. आठ दिवस तिला कोणी काही विचारायचं नाही, काम सांगायचं नाही.

चहा होताच अण्णा तिला लिंबाकडे घेऊन गेले. मीही गेलो, पाय ओढत. तिने एक पान खुडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. तिचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग ती अण्णांकडे वळून म्हणाली, "हाँ बाबा. वही है."

अण्णा त्या दिवशी चार पोळ्या जास्त जेवले. तिच्या वरणात रोज एक पान पडू लागलं आणि ती रोज ते वाखाणू लागली. पण सगळं आपलं अदबीने. अण्णा 'आप', ती 'जी बाबा'. आठवड्यात दोघं एकमेकांशी शंभरदा बोलले असतील, पण दोन वकिलातींसारखे. पडवीतल्या वाळक्या काड्यांवरून मात्र अण्णा वहिनींना रोज तिच्यासमोर मराठीतच सांगायचे, दमलंय, मेलेलं नाय.

पाचव्या दिवशी ती गडग्याशी आली आणि मला हळूच म्हणाली, "काका, वो नीचे से निकला है ना?"

मी मान खाली घातली. तिचे वडील कलमं बांधायचे, तिने सांगितलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग म्हणाली, तिने जोडाच्या लगेच वर नख लावून बघितलंय. साल आतून अजून हिरवी आहे. खालचं काढलं तर वरचं कदाचित येईल. "पण बाबांना सांगणार कोण?" मी विचारलं. "मैं बोलूँगी," ती म्हणाली आणि माझा कलमाचा चाकू मागून घेऊन गेली.

सहावा दिवस गेला, सातवा गेला. ती काही बोलली नाही. तिचंही आमच्यासारखंच झालं असेल, असं मला वाटलं आणि खोटं कशाला सांगू, जरा बरंही वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी पाऊस लागला होता. गाडी दहाला येणार होती. बॅगा पडवीत येऊन पडल्या होत्या. मी निरोप द्यायला आलो, अण्णा मान खाली घालून बॅगांना दोर बांधत होते, जिथे दोराची काही गरज नव्हती. आणि मौशुमी दिसेना. वहिनींनी मागच्या अंगणाकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

मौशुमी भर पावसात, अनवाणी, शेवाळलेल्या चिऱ्यांवर उकिडवी बसली होती. एका हातात माझा चाकू, दुसऱ्या हातात कमरेएवढा, हिरवागार, मुळापासून कापलेला फुटवा. कुंडीत बोटभर खुंटी.

"अगो भवाने!" अण्णांची आरोळी बंदरापर्यंत गेली असेल. "काय केलंस मेल्ये ह्या! अक्कल गहाण टाकलीस काय गो! चार महिने हाडाची काडं केली मी, नि सरळ कापून मोकळी! आणि अनवाणी! घसरून पडलीस म्हणजे? वर हो, आधी वर हो तिथनं!"

अण्णांनाच आपण काय बोललो ते ऐकू आलं आणि ते पांढरेफटक पडले. दोन वर्षांची हिंदी एका मिनिटात वाहून गेली होती. मिलिंद पुढे झाला, वहिनींनी त्याचा दंड धरला.

मौशुमी उठली. पावसातच कुंडी उचलून पडवीत आली, अण्णांसमोर ठेवली. नखाने जोडाच्या वरची साल अर्ध्या तांदळाएवढी खरवडली. आत हिरवं होतं. ओलं, कोवळं हिरवं. तिने अण्णांचं बोट धरून त्यावर टेकवलं आणि आठ दिवस ऐकून पाठ झालेलं मराठी सावकाश उच्चारलं.

"दमलंय, बाबा. मेलेलं नाय."

अण्णा मटकन पाटावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. वहिनी आतून पंचा घेऊन आल्या आणि सुनेचं डोकं खसाखसा पुसत म्हणाल्या, "भिजलीस ना मेल्ये! आता गाडीत शिंकत जा." मौशुमीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती हसत होती आणि रडत होती, आणि मिलिंद बापाच्या शेजारी जमिनीवर बसला होता.

जोडाच्या वर कोंब यायला पुढे पंचवीस दिवस लागले. त्या पंचवीस दिवसांत अण्णांनी रोज सकाळी खुंटीचा फोटो बंगळुरूला पाठवला आणि रोज तिकडून फोन आला. आता त्या कोंबाला सात पानं आहेत. पान चुरगळलं तर वास आमच्या ओटीपर्यंत येतो. दिवाळीला दोघं वीस दिवसांसाठी येणार आहेत आणि अण्णांनी मोबाईलवरून नवीन काही मागवलेलं नाही.

पण मला आठवतो तो आठवा दिवस. गाडी पूल ओलांडून गेली, मी चाकू न्यायला पुन्हा पडवीत आलो. अण्णा वहीत लिहून बाहेर गेले होते, वही उघडीच होती. मी मास्तर, दुसऱ्याची वही वाचणं ही आमची जन्माची खोड. वर लिंबाची नोंद होती आणि तिच्याखाली, त्याच ठसठशीत अक्षरात, ही.

"मौशुमी. वारा नैऋत्य, पाऊस जोराचा. मनोधैर्य उत्तम. आज आठव्याच दिवशी मराठीत शिवी दिली."